पाय/६ (π/६) दाखवणारा कॅल्क्युलेटर: दीड वर्ष वापरून

मी टूलरूममधला माणूस. भांडुपला एल.बी.एस. रोडच्या आतल्या बाजूला एक गाळा आहे, त्यात दोन मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर, एक म्हातारी लेथ आणि आम्ही चौघे. जिग, फिक्स्चर, बारीकसारीक डाय असं काम. कॅल्क्युलेटरवर कुणी एवढं लिहितं का, असं आमच्या हिचं म्हणणं. पण मोबाइल घेताना लोक आठ-आठ रिव्ह्यू वाचतात, आणि ज्याच्या आकड्यावर आख्खा जॉब कापला जातो ती वस्तू दुकानदार देईल ती उचलतात. म्हणून लिहितोय.

वस्तू: कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस. त्याआधीचा माझा दोन ओळींचा कॅल्क्युलेटर अकरा वर्षं चालला आणि एका दुपारी कूलंटच्या ट्रेमध्ये पडून गेला. घाई होती, म्हणून फुटपाथवरून चारशे रुपयांत एक घेतला. वर नाव तेच, रंग तोच. घरी आणून उन्हात धरला तेव्हा कळलं, सोलरची पट्टी म्हणजे नुसता काळा तुकडा चिकटवलेला. आठव्या दिवशी बरोबरचं (=) बटण आत जाऊन बसलं ते वर आलंच नाही. तेव्हा पहिला सल्ला हाच: चारशेत मिळाला म्हणून खूश होऊ नका.

मग एका शनिवारी मस्जिदला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटला गेलो. वह्या, फायली, पेनं यांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत एका दुकानात पोचलो, तिथे वॉरंटी कार्डासकट तेराशे पन्नासला मिळाला. दुकानदाराला म्हटलं, जरा दाबून बघू? त्यानं मान हलवली. मी शिफ्ट-साइन (साइनवरून कोन काढायचं बटण), मग १ बाय २, मग बरोबर. ३० आलं. 'काका, सगळे हेच दाबून बघतात,' असं म्हणून तो हसला. आता हे तीस का येतं, कुठून येतं आणि कधी येत नाही, त्यावरच हा सगळा रिव्ह्यू आहे.

आधी कामाचं सांगतो. कोन लावायला आणि मोजायला आमच्याकडे साइन बार असतो. शंभर मिलिमीटरचा, म्हणजे त्याच्या दोन रोलरच्या सेंटरमधलं अंतर शंभर. एक रोलर सरफेस प्लेटवर, दुसऱ्याखाली स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे ठोकळे, रचायचे. जेवढी उंची रचाल, भागिले शंभर, तो कोनाचा साइन. तीस अंश हवेत तर पन्नास मिलिमीटर रचा, विषय संपला. उलटं काम जास्त वेळा पडतं. जॉब आधीच कुणीतरी कापलेला, त्यावर डायल फिरवून तो सपाट आणला, खाली ३७.५ चे गेज बसले. कोन किती? शिफ्ट-साइन ०.३७५. स्क्रीनवर २२.०२४३ आणि पुढे शेपूट. अंश-मिनिट-सेकंदाचं बटण दाबलं की २२ अंश १ मिनिट २७.५३ सेकंद. हे एकच बटण माझ्यासाठी अर्ध्या किमतीचं आहे. दशांश अंश साठने गुणून मिनिटं काढताना दिवसाच्या शेवटी माणूस चुकतोच.

१९८८ साली आयटीआयला होतो तेव्हा आमच्याकडे साइनचं टेबल होतं. डावीकडे अंश, वर मिनिटं, आत चार आकडी साइन. आमचे इन्स्ट्रक्टर म्हणायचे, कोनावरून साइन सगळे काढतात, साइनवरून कोन काढणारा फिटर. म्हणजे टेबल आतून बाहेर वाचायचं. आकडा आधी शोधायचा, मग बोट डावीकडे न्यायचं. साइन इन्व्हर्स हा शब्द तेव्हा आम्ही ऐकलाही नव्हता, पण करत तेच होतो.

साइन बारवर ४५ अंशांच्या वर जायचं नाही, हेही तेव्हाच शिकलो. कारण मात्र या कॅल्क्युलेटरवर आकडे टाकल्यावर पटलं. तीस अंशाला उंचीत एका शतांश मिलिमीटरची चूक झाली तर कोन २४ सेकंदांनी हलतो. ऐंशी अंशाला तेवढ्याच चुकीनं कोन हलतो जवळजवळ दोन मिनिटांनी. साइन एकच्या जवळ पोचला की आकडा जागचा हलत नाही आणि कोन पळत सुटतो. इच्छा असेल त्यानं आपल्या कॅल्क्युलेटरवर ०.९८ आणि ०.९९ यांचे साइन इन्व्हर्स काढून बघावेत, मग ०.४८ आणि ०.४९ चे.

इथपर्यंत सगळं गोड. आता सहा प्लेटा.

कॅल्क्युलेटर घेऊन महिनाही झाला नव्हता. एका गिऱ्हाइकानं फोनवर हातानं काढलेलं स्केच पाठवलं. तीन भोकांची लोकेटिंग प्लेट, भोकांच्या सेंटरमधली अंतरं ४०, ५० आणि ६६. कोन दिलेला नाही, स्केचमध्ये कोपरा काटकोनासारखा दिसतोय. मला मोठा कोन हवा होता, ६६ च्या समोरचा. कोसाइनचा नियम (तिन्ही बाजूंवरून कोन देणारा) लावून मी आधी लहान कोन काढला, ३७ अंशांच्या थोडा वर. मग आळस केला. मोठ्या कोनासाठी परत कोसाइन कोण लावतंय, साइनच्या नियमात (बाजू आणि तिच्या समोरच्या कोनाचा साइन एकाच प्रमाणात) टाकलं. कॅल्क्युलेटर म्हणाला ८६ अंश १९ मिनिटं ५० सेकंद. नवा कॅल्क्युलेटर, सेकंदापर्यंत उत्तर, मी का शंका घेऊ? सहा प्लेटा ओएचएनएसच्या, म्हणजे टूल स्टीलच्या, ड्रिल केल्या, रीमर मारला. शेवटी व्हर्निअर लावला तर ६६ च्या जागी बरोबर ६२. पॉइंटमध्येसुद्धा फरक नाही. चूक इतकी नीटनेटकी होती की मला आधी वाटलं गिऱ्हाइकानंच आकडा चुकवला.

खरा कोन ९३ अंश ४० मिनिटं होता. दोघांचा साइन एकच. १८० मधून ८६ अंश २० मिनिटं वजा करा, ९३ अंश ४० मिनिटं उरतात. साइन सारखा असलेले दोन कोन त्रिकोणात बसू शकतात, एक नव्वदच्या आत आणि एक बाहेर. कॅल्क्युलेटर कायम आतला देतो. त्याला माझी प्लेट दिसत नाही. तेच मी कोसाइननं काढलं असतं तर बाजूंचे वर्ग १६०० अधिक २५०० वजा ४३५६, भागिले ४० गुणिले ५० ची दुप्पट ४०००, म्हणजे उणे ०.०६४ आलं असतं. ते उणे चिन्ह बघूनच कळलं असतं की कोन नव्वदच्या पलीकडचा आहे. कोसाइन इन्व्हर्स शून्यापासून १८० पर्यंत उत्तर देतो, त्रिकोणाचा कुठलाही कोन त्यात मावतो. साइन इन्व्हर्स उणे नव्वद ते नव्वद. पाच प्लेटा भंगारात गेल्या, एक मी ठेवून घेतली. पैसे माझ्या खिशातून गेले, कॅल्क्युलेटरला मी एक शब्द बोललो नाही. बोलायला जागाच नव्हती.

या हद्दींतल्या उत्तराचं खरं नाव मला घरी कळलं, माझ्या लेकीकडून. ती यंदा बारावी सायन्सला. दहावीपर्यंत मराठी शाळेत, त्यामुळे अकरावीत कॉलेजला गेल्यावर सहा महिने तिचं डोकं दोन भाषांत अडकलेलं. आता घरात 'प्रिन्सिपल व्हॅल्यू' आणि 'मुख्य किंमत' दोन्ही ऐकू येतं. तिनं माझा कॅल्क्युलेटर बघितला आणि त्याच रात्री तो तिच्या टेबलावर गेला. सोमवारी सकाळी गाळ्यात पिशवी उघडली तर आत नुसतं कव्हर.

तिला त्यात काय आवडलं, तर पाय. मला ठाऊकच नव्हतं. शिफ्ट, मोड, ४ दाबलं की कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये जातो, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या मापात, ज्यात १८० अंश म्हणजे पाय. मग साइन इन्व्हर्स १/२ विचारलं की तो ०.५२३५९८७७५६ असलं काही न दाखवता पुस्तकात छापल्यासारखा दाखवतो: एक छेद सहा, पुढे पाय. खालचं एस-डीचं बटण दाबलं तर दशांश, परत दाबलं तर परत पाय. दोन ओळींच्या जुन्या मॉडेलवर हे नव्हतं, तिथे दशांशच बघायचा आणि ओळखायचं. बारावीला नेमकं हेच हवं असतं, 'एक्झॅक्ट व्हॅल्यू'. दशांशात उत्तर लिहिलं की ते अंदाजे झालं, पाय/६ लिहिलं की नेमकं. मला यात सुरुवातीला गंमत वाटली. आमच्याकडे नेमकं म्हणजे २२ अंश १ मिनिट २७ सेकंद, मायक्रॉनपर्यंत. तिच्याकडे नेमकं म्हणजे एकही आकडा न तोडता. तिचं नेमकं माझ्यापेक्षा कडक आहे हे मान्य करायला मला थोडे दिवस लागले.

पण बोर्डाच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही. सीईटीला नाही, जेईईलाही नाही. म्हणजे ज्या मुलांसाठी हा पाय/६ दाखवतो, त्यांना तो परीक्षेत जवळही ठेवता येत नाही. पालकांनी पैसे मोजण्याआधी हे ध्यानात घ्यावं. बारावीच्या मार्कांसाठी घेत असाल तर घेऊ नका. पुढे डिप्लोमा, इंजिनिअरिंगला लागतोच, तेव्हा घ्या. मी हे लेकीला सांगितलं तर म्हणाली, 'बाबा, मी उत्तर काढायला कुठे वापरते, जुळवून बघायला वापरते.' मला पटलं नाही. म्हटलं, दाखव कसं काढतेस.

तिनं डावा हात पसरला. करंगळी शून्य अंश, अनामिका ३०, मधलं बोट ४५, तर्जनी ६०, अंगठा ९०. कुठल्याही बोटाचा साइन हवा असेल तर त्याच्या करंगळीकडच्या बाजूला किती बोटं आहेत ती मोजायची, वर्गमूळ घ्यायचं, दोनने भागायचं. तर्जनीच्या त्या बाजूला तीन बोटं, म्हणून साइन ६० म्हणजे √३/२. मधल्या बोटाला दोन, √२/२. अंगठ्याला चार, √४/२ म्हणजे एक. इन्व्हर्ससाठी उलटं चालायचं: √३/२ दिलं की मुळातले तीन बघायचे, तीन बोटं सोडून चौथं पकडायचं, ६० म्हणजे पाय/३. मी माझा हात पसरला. माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापर्यंतच आहे, जुन्या पॉवर प्रेसची कृपा. 'तुमचा पंचेचाळीस जरा बुटका आहे,' पोरगी म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो. आतून हिनं विचारलं, काय झालं, तर सांगता येईना.

हातावर मिळतं ते फक्त किती. कुठल्या बाजूला ते हात सांगत नाही. त्यासाठी हद्द पाठ हवी. साइन इन्व्हर्स आणि टॅन इन्व्हर्स उणे पाय/२ ते पाय/२ मध्ये, कोसाइन इन्व्हर्स शून्य ते पाय. म्हणून साइन इन्व्हर्स उणे १/२ म्हणजे उणे पाय/६, पण कोसाइन इन्व्हर्स उणे १/२ म्हणजे उणे पाय/३ नव्हे, २पाय/३. सुरुवातीला सगळी मुलं इथेच घसरतात असं ती म्हणाली. आणि मग तो प्रश्न, जो ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो: साइन इन्व्हर्समध्ये साइन ५पाय/६. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल इन्व्हर्स आणि साइन एकमेकांना खाऊन टाकतील, उत्तर ५पाय/६. पण १५० अंश हद्दीच्या बाहेर आहे. साइन १५० म्हणजे १/२, आणि १/२ चा साइन इन्व्हर्स पाय/६. दीडशेनं आत गेला, तीस होऊन बाहेर आला.

मी उठलो, कपाटातून ती प्लेट काढली आणि तिच्या वहीवर ठेवली. म्हटलं, ही बघ, ९३ होऊन आत गेली, ८६ होऊन बाहेर आली.

त्यानंतर आमच्यात जे सुरू झालं ते अजून चालू आहे. मी तिला त्रिकोण देतो, ती मला पाय देते. पहिला दिला ३०, ५०, ७० चा. पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापल्या, टोकांना पिन लावल्या. नव्वदच्या पलीकडे आहे हे डोळ्यांना दिसतंच. तिनं कोसाइन लावला: ९०० अधिक २५०० वजा ४९००, भागिले ३०००. उणे १५०० भागिले ३०००, उणे १/२. तिनं कॅल्क्युलेटरला हातही लावला नाही, लिहिलं २पाय/३. मी कोनमापक लावला, १२०. तीन साध्या पट्ट्यांतून इतका स्वच्छ कोन निघेल असं मला वाटलं नव्हतं. तीस वर्षं धंद्यात असून हा त्रिकोण मला भेटला नव्हता.

आता तक्रारी. तक्रार म्हणण्यापेक्षा सावध राहण्याच्या जागा.

कॅल्क्युलेटर अंशात आहे की रेडियनमध्ये हे स्क्रीनच्या वरच्या कडेला एका बारीक अक्षरावरून कळतं, डी किंवा आर. माझ्या वयाला ते अक्षर म्हणजे धुळीचा कण. लेकीनं रात्री रेडियनमध्ये ठेवलं, सकाळी मी गाळ्यात साइन ३० गुणिले १०० केलं, साइन बारखाली गेज लावायला. आलं उणे ९८.८. उणे उंचीचे स्लिप गेज! पोरं हसली, मीही हसलो, पण आकडा थोडा जरी पटण्यासारखा असता तर सातवी प्लेट तयार होती. कव्हरवर आतून पांढरी चिकटपट्टी लावून मी लिहिलंय: डी बघ. तिनं त्याखाली लिहिलंय: आर बघ. दोघांनी एकच वापरायचा असेल तर हे करावंच लागतं.

दुसरं, पायच्या रूपात उत्तर दाखवतो म्हणजे त्याला सगळी नेमकी उत्तरं येतात असं समजू नका. साइन १५ अंश विचारा, तो मुळांसकट देतो, √६ वजा √२, भागिले ४. साइन १८ विचारा, ०.३०९०१६९९४४. एस-डी कितीही दाबा, काही बदलत नाही. पंधराच्या पाढ्यातले कोन त्याला मुळांत येतात, बाकीच्यांना दशांश. प्रत्यक्षात साइन १८ चीही नेमकी किंमत आहे, √५ वजा १, भागिले ४. ती भास्कराचार्यांनी दिलेली आहे, सिद्धान्तशिरोमणीतल्या ज्योत्पत्ती नावाच्या भागात, ११५० साली लिहिलेल्या ग्रंथात. हे मला लेकीनं सांगितलं, आणि आमची ही लगेच पुढे सरसावली, कारण तिचं माहेर चाळीसगाव. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे, आणि तो प्रकाशात आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, ज्यांचं नाव भायखळ्याच्या म्युझियमला आहे ते. पाटणादेवीला मी जावई म्हणून तीनदा गेलोय, दर वेळी नारळ वाढवून परत. शिलालेखाकडे बघितलंही नाही. जुने लोक साइनला ज्या म्हणत, धनुष्याची दोरी, आणि दोरीवरून वाकलेला भाग काढायचा त्याला चाप काढणं म्हणत. साइन इन्व्हर्सपेक्षा मला हा शब्द जास्त कळतो. दोरी हातात आहे, धनुष्य किती वाकलंय ते सांग.

तिसरं, एकाहून जास्त साइन इन्व्हर्सला विचारलं तर स्क्रीनवर 'मॅथ एरर'. हे मी दोष म्हणणार नाही, गुण म्हणेन. साइन बारवर १०३ ची उंची रचता येत नाही, तसंच. आकडा टाकण्यात चूक झाली हे तिथल्या तिथे कळतं.

आणि आता दिवाळीनंतरची गोष्ट, ज्यामुळे हे लिहायला बसलो. कॉलेजच्या परीक्षेत लेकीला एक प्रश्न आला: टॅन इन्व्हर्स २ अधिक टॅन इन्व्हर्स ३. तिनं सूत्र लावलं: बेरीज, भागिले १ वजा गुणाकार. २ अधिक ३, भागिले १ वजा ६. पाच भागिले उणे पाच, उणे एक. टॅन इन्व्हर्स उणे एक म्हणजे उणे पाय/४. लिहिलं, पुढे गेली. पेपर मिळाला तर त्यावर लाल रेघ. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर चूक. संध्याकाळी ती तोंड पाडून बसलेली, हिनं तिच्यासमोर कांदेपोहे ठेवलेले, तेही तसेच.

मी म्हटलं, कॅल्क्युलेटर आण, डीमध्ये ठेव. टॅन इन्व्हर्स २: ६३.४३४९४८८२. टॅन इन्व्हर्स ३: ७१.५६५०५११८. बेरीज कर. १३५. पुरे १३५, मागे काही नाही. आणि तू लिहिलंस उणे ४५. दोघांचा टॅन एकच, उणे एक, मध्ये बरोबर १८० चं अंतर. दोन्ही कोन पंचेचाळीसच्या वरचे आहेत हे दिसत असताना त्यांची बेरीज उणे कशी येईल? ती पेपराकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'तुमची प्लेट.'

प्लेटच. सूत्रानं आतला कोन दिला, खरा बाहेर होता. गुणाकार एकाहून मोठा झाला, इथे दोन त्रिक सहा, की उत्तरात पाय मिळवायचा, हे तिच्या पुस्तकात चौकटीत छापलेलं आहे. तिनं ते पाठही केलं होतं. पण कधी मिळवायचा हे आठवण्यासाठी तिला आता चौकट लागत नाही. ३पाय/४ लिहून तिनं पोहे खाल्ले, गार झालेले.

तिच्या शंकेचं मी एक चित्रही काढलं, ते इथे सांगतो कारण कॅल्क्युलेटरशिवाय नेमकं उत्तर मिळण्याची माझी ही पहिलीच वेळ. टॅन इन्व्हर्स १/२ अधिक टॅन इन्व्हर्स १/३. कॅल्क्युलेटर २६.५६५ आणि १८.४३५ ची बेरीज ४५ देतो, म्हणजे पाय/४. पण का? चौकटीची वही घ्या. एका कोपऱ्यापासून तीन घरं उजवीकडे, एक वर, तिथे टिंब. त्याच कोपऱ्यापासून दोन घरं उजवीकडे, एक खाली, तिथे दुसरं टिंब. कोपऱ्यापासून दोन्ही टिंबांना रेघा ओढा. त्यांच्यातला कोन म्हणजे आपली बेरीज; टॅन म्हणजे उभं भागिले आडवं, म्हणून वरचा भाग १/३ चा, खालचा १/२ चा. आता टिंबं एकमेकांना जोडा. खालच्या टिंबाशी गुण्या लावून बघा, काटकोन. आणि तिथून निघणाऱ्या दोन्ही बाजू दोन-घरं-एक-घर अशाच तिरप्या, म्हणजे सारख्या लांबीच्या. काटकोन आणि दोन बाजू समान, उरलेले कोन ४५-४५. एकही सूत्र नाही. मी हे आधी गाळ्यात मार्किंग ब्ल्यू लावलेल्या पत्र्यावर स्क्राइबरनं आखलं, गुण्या लावून खात्री केली, मग घरी वहीत. लेक म्हणाली हे सरांना दाखवते. दाखवलं की नाही विचारलं नाही.

बाकी वस्तू म्हणून: बटणं दीड वर्षात एकही अडकलं नाही, तेलकट बोटांनी दाबूनही. बरोबरच्या बटणावरचं चिन्ह अर्धं पुसलंय. सरकवायचं कव्हर टणक आहे, एकदा मिलिंगच्या बेडवरून खाली पडला तरी काच शाबूत. स्क्रीन तिरक्या बाजूनं नीट दिसत नाही, मशीनवर ठेवून उभ्यानं वाचायचा तर हातात घ्यावा लागतो. अपूर्णांक टाकताना वर-खाली जायला बाणाचं बटण दाबावं लागतं, जुन्या दोन ओळींच्या सवयीच्या माणसाला पहिला आठवडा चिडचिड होते. ज्यांचं काम फक्त अंश आणि मिनिटं आहे त्यांना दोन ओळींचा स्वस्त मॉडेल पुरतो, पाय बघायचा नसेल तर जास्तीचे पैसे घालू नका.

फेब्रुवारीत तिची बोर्डाची परीक्षा. तोपर्यंत कॅल्क्युलेटर रात्री तिचा, दिवसा माझा. ८६ अंश २० मिनिटांची प्लेट तिच्या टेबलावर आहे, पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून. आतली बटणाएवढी बॅटरी एलआर ४४, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे मिळते. मागचा छोटा स्क्रू उघडायला चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर लागतो, तो घरात ठेवा.